रोजचं एक पाप

आमच्या घरात संध्याकाळच्या प्रार्थनेला प्रत्येकानं दिवसभरातलं एक पाप कबूल करायचं, हा नियम माझा. नवऱ्याचा नाही, चर्चच्या पाळकसाहेबांचाही नाही, माझाच. मी संडे स्कूलला शिकवते, मग माझी लेक बाकीच्या पोरांपेक्षा दोन पावलं पुढे नको का? रविवारी कर्जतला चर्चमध्ये सगळ्यांपुढे विश्वासाची साक्ष द्यायला उभी राहिले की हा नियम मी हमखास सांगायचे. बाया माना डोलवायच्या आणि मला आतून गुदगुल्या व्हायच्या. आता ते आठवलं की स्वतःच्याच थोबाडीत मारावीशी वाटते.

लेक तेव्हा पहिलीत होती. खालापूरच्या अलीकडे आमचं गाव, आणि गावात ख्रिस्ती घर आमचं एकच. शेजारच्या काकींच्या पडवीत लेक दिवसभर पडीक असायची. सुरुवातीला तिची पापं खरी होती. वरण सांडलं, मैत्रिणीला चिमटा काढला, पाटी फोडली नि मांजरावर ढकललं. मग हळूहळू ती अडखळायला लागली. एकदा म्हणाली, "आज मी काहीच नाही केलं." मी म्हटलं, "असं कसं? मी पाप केलं नाही म्हणणारा सगळ्यात मोठा पापी. नीट आठव." तिनं डोळे घट्ट मिटून काहीतरी आठवलं आणि सांगितलं. मी खूश.

पावसाळ्यातली एक संध्याकाळ. ती म्हणाली, "मी काकींच्या वेलावरची काकडी चोरून खाल्ली." माझं डोकंच सणकलं. गावात एक ख्रिस्ती घर, आणि त्यातली पोर चोर. लोक काय म्हणतील हे आधी मनात आलं, प्रभू काय म्हणेल हे मागाहून. उलथनं घेतलं आणि तिच्या हातावर दोन फटके ओढले. रडली, पण काकडी खाल्लीच नाही असं काही म्हणाली नाही. नवरा म्हणाला, "अगं, काकडीच ना? मागितली असती तर काकींनी दिली असती." मी म्हटलं, "तुम्ही मधे पडू नका. लाडानंच पोरं बिघडतात."

दुसऱ्या दिवशी सकाळी दंडाला धरून तिला काकींच्या दारात उभी केली आणि माफी मागायला लावली. बिचारीनं मान खाली घालून मागितली, मी शिकवलेल्या शब्दांत, 'माझं पाप' वगैरे सगळ्यासकट.

काकी झाडता झाडता थांबल्या. "काय गं बाय, येड लागलं का तुला? कंची काकडी?" त्यांनी कुंपणाकडे बोट केलं. "येल बघ की. आजून धरलीच नाय. फुलं हायत निस्ती."

वेल पिवळ्या फुलांनी भरला होता. रोज त्याच्या बाजूनंच तर मी जात होते. काकींनी पोरीला जवळ ओढलं आणि तिच्या हातावरचे वळ पाहिले. "ह्ये त्याच्यापायी?" मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. काकी एवढंच म्हणाल्या, "आन खाल्ली आसती तर? पोरांनी नाय तर कोनी खायची?"

घरी येऊन मी लेकीला विचारलं, खोटं का बोललीस. आवाज तेव्हाही चढलेलाच होता माझा. जित्याची खोड, दुसरं काय. ती म्हणाली, "मला पाप सापडतच नव्हतं. आणि छोटं सांगितलं की तू म्हणतेस, अजून आठव."

मला शाळेच्या वेळेचं निमित्त मिळालं. तिची वेणी घालून दिली आणि तिला शाळेत धाडलं. दिवसभर मात्र मनाशी ठरवत होते. आज प्रार्थनेत सगळं सांगायचं: विनाकारण पोरीला मारलं, आणि तेही स्वतःच्या नाकासाठी.

संध्याकाळी नवऱ्यानं बायबल उघडून शास्त्र वाचलं. पहिली कबुली नेहमी माझी. लेक समोर मांडी घालून बसली होती आणि डोळे न मिटता माझ्याकडे बघत होती. शब्द अगदी ओठांवर आले होते. तिच्यापुढे मान खाली घालायची म्हटल्यावर जीभच रेटेना. मी डोळे मिटले आणि म्हणाले, "प्रभू, आज सकाळी दूध उतू गेलं तेव्हा मी चिडले. मला क्षमा कर."

त्या दिवशी दूधवाला आलाच नव्हता. लेक कोरा चहा पिऊन शाळेत गेली होती. तिनं सगळ्यांच्या आधी आमेन म्हटलं.