हलका अँप कोणासाठी घेतला

"आमच्या दत्ताची कंबर गेली, म्हणून त्याने जेवणाच्या डब्याएवढा अँप घेतला. तो डबा सहाव्या गाण्याला मेला. मग मी बोलून बोलून कार्यक्रम वाचवला!"

हे विधान आमच्या डोंबिवलीच्या ऑर्केस्ट्राचा मालक आणि ड्रमर मोहन गेली दोन वर्षे प्रत्येक रंगमंचावरून करीत आला आहे. ड्रमवर बसल्या बसल्या निवेदनही तोच करतो, त्यामुळे माइक कायम त्याच्याकडे. लोक हसतात. मी, म्हणजे तो दत्ता, मागे उभा असतो आणि गळ्यात बास गिटार असल्यामुळे मला भांडता येत नाही. आज गिटार खाली ठेवून लिहितो आहे.

प्रथम वाचकांसाठी थोडा खुलासा. बास म्हणजे चार जाड तारांची, खर्जातली गिटार. ती वाजत असताना श्रोत्यांचे तिच्याकडे लक्ष नसते. ती थांबली की गाण्याखालची जमीन काढून घेतल्यासारखे वाटते. तिचा आवाज मोठा करणारे यंत्र म्हणजे अँप. त्याचे दोन भाग असतात. बटणांचा भाग तो हेड आणि स्पीकरची पेटी ती कॅबिनेट. माझ्या जुन्या अँपमध्ये दोन्ही एकाच लाकडी खोक्यात होते. पंधरा इंची स्पीकर, आत लोखंड-तांब्याचा भलामोठा ट्रान्सफॉर्मर, एकूण वजन चाळीस किलोंच्या वर. दोन बाजूंना दोन हँडल. तीस वर्षे उजवे हँडल माझे आणि डावे मोहनचे. स्वतःचे ड्रम त्याने इतरांना उचलू दिले, पण माझ्या अँपचे डावे हँडल कधी कोणाला दिले नाही. "एक, दोन, आई गं!" असे ओरडून तो उचलायचा. ठाण्यापासून शहाडपर्यंतचे सगळे जिने आम्ही असेच चढलो.

मग मोहनची अँजिओप्लास्टी झाली. हॉस्पिटलच्या कॉरिडॉरमध्ये शैलावहिनींनी, म्हणजे त्याच्या पत्नीने, मला बाजूला घेतले.

"भावजी, डॉक्टरांनी पाच किलोंच्या वर काही उचलायचं नाही म्हणून सांगितलंय. कायमचं."

"मी नाही उचलू देणार."

"तुम्ही सांगाल, आणि हे ऐकतील?"

प्रश्न रास्त होता. माणूस लावून अँप वाहून नेला असता, तर मोहन त्या माणसाला बाजूला सारून हँडल धरणार, हे आम्हा दोघांनाही ठाऊक होते. त्याला थांबवण्याचा एकच मार्ग होता. दोघांनी उचलावी अशी वस्तूच शिल्लक ठेवायची नाही.

मी गिटार घेऊन ठाण्यातल्या एका वाद्यांच्या दुकानात गेलो. तिथल्या तरुण विक्रेत्याने विचारले, "अंकल, घरी प्रॅक्टिसला ना?"

"स्टेजसाठी."

"मग हा घ्या. पाचशे वॉट!"

"वॉट ऐकू येत नाहीत हो. आवाज ऐकू येतो. लावा."

नव्या अँपमध्ये जुना ट्रान्सफॉर्मर नसतो. त्याचे काम वेगळ्या पद्धतीचे एक छोटे सर्किट करते. आवाज वाढवणारे सर्किटही हलके असते, त्याला क्लास डी म्हणतात. स्पीकरचे चुंबकही आता निओडिमियम नावाच्या धातूचे असते. आकाराने लहान, ताकदीने तेवढेच. मी तीन अँप ऐकले. अँपशेजारी उभे राहून बास कधी पारखू नये. दहा पावले मागे जावे, सर्वांत जाड तार मोकळी वाजवावी आणि स्वर ऐकू येतो की नुसती भुणभुण, ते पाहावे. पहिल्या दोन अँपची भुणभुण झाली. तिसऱ्याचा स्वर दुकानाच्या दारापर्यंत ठाम पोचला. हेड अडीच किलोंचे, कॅबिनेट बारा किलोंचे, एका हातात मावणारे. तोच घेतला.

मोहन बरा होऊन परतला, त्याने तो पाहिला आणि कपाळाला हात लावला.

"दत्ता, हे काय? टोस्टर?"

"आता कंबर साथ देत नाही रे."

हे मी म्हणालो, हे कबूल करतो. 'तुझ्या हृदयासाठी घेतला' असे म्हटले असते, तर त्याने त्याच क्षणी जुना अँप एकट्याने उचलून दाखवला असता.

"ठीक आहे," तो म्हणाला. "पण हा टोस्टर स्टेजवर फसला, तर पुढच्या कार्यक्रमापासून जुनी पेटी. आणि डावं हँडल माझं. कोणाचं ऐकणार नाही."

म्हणजे नव्या अँपच्या पहिल्या कार्यक्रमाच्या संध्याकाळी माझी अब्रू पणाला लागली होती असे नव्हे. एका माणसाच्या छातीतला स्टेंट पणाला लागला होता. आणि हे त्या माणसाला सोडून वहिनींना आणि मला माहीत होते, निदान माझी तशी समजूत होती.

कार्यक्रम मानपाडा रोडवरच्या एका मंगल कार्यालयात होता, एका सोसायटीच्या वर्धापनदिनाचा. साउंड चेक उत्तम झाला. नंतर आम्ही चहाला गेलो. आमच्याकडचे डेकोरेटर स्टेजवर जे माणूस नाही त्या प्रत्येक गोष्टीला सॅटिनचे कापड गुंडाळतात. टेबल, स्टँड, स्पीकर, सगळे. जुना अँपही तीस वर्षे गुलाबी सॅटिनमध्ये वाजला आणि त्याला काही फरक पडला नाही. परत येऊन पाहतो तो नवा अँपही नटलेला. फक्त बटणे उघडी. सुंदर दिसत होता. मी तसाच राहू दिला.

सहाव्या गाण्याच्या अंतऱ्यात बास नाहीसा झाला. तार हलत होती, आवाज नव्हता. मोहनने गाणे कसेबसे सम गाठून संपवले आणि माइकवर हात ठेवून माझ्याकडे वळला.

"संपलं. रविवारी कळव्याच्या कार्यक्रमाला जुनी पेटी."

"पाच मिनिटं बोलत राहा."

"काय बोलू?"

"आयुष्यभर काय बोललास? तेच बोल."

शेजारून केणी, आमचा साउंडवाला, धावत आला. "काका, गिटारची लाइन द्या ना मला. माझ्या मोठ्या स्पीकरमधून काढतो बास. कोणाला कळणार पण नाय."

"श्रोत्यांना कळणार नाही. मोहनला कळेल." केणीचे स्पीकर श्रोत्यांकडे तोंड करून असतात. मागे बसलेल्या ड्रमरला त्यातला बास गढूळ आणि उशिरा पोचतो. ड्रमर बासच्या अंगावर रेलून वाजवतो. बास त्याला कुल्ल्याखाली जाणवावा लागतो.

मी सॅटिन वर केले. आत लाल दिवा लागला होता. हेड हाताला चटका देत होते. हलक्या अँपला थंड करायला छोटा पंखा असतो आणि हवेसाठी दोन्ही कुशींना फटी. दोन्ही फटी सॅटिनने बंद. अँप मेला नव्हता. जळू नये म्हणून त्याने स्वतःच काम थांबवले होते. हे सर्व माहितीपत्रकात लिहिलेले होते आणि ते मी वाचलेले होते. चूक माझी. अँपची नव्हे, आणि त्याच्या वजनाची तर मुळीच नव्हे.

कापड काढले. निमंत्रणपत्रिकेने वारा घातला. तोवर मोहन माझ्या कंबरेवर बोलत होता. लोक खुर्च्यांवरून पडायचे बाकी होते. कॅबिनेट मी उचलून मोहनच्या स्टुलाशेजारी, मागच्या भिंतीला लावून, थेट फळ्यांवर ठेवले. भिंत आणि लाकडी स्टेज यांच्यामुळे खर्ज फुकटात वाढतो. म्हणून खर्जाचे बटण उलट थोडे कमी केले. लाल दिवा विझला. सातवे गाणे सुरू झाले.

पहिल्याच खर्जाला मोहनने चमकून खाली स्टुलाकडे पाहिले. मग माझ्याकडे. मग त्याने असा एक रोल वाजवला, की जो त्याने ऑपरेशननंतर वाजवला नव्हता. उरलेली चौदा गाणी त्या टोस्टरने वाजवली, मोहनच्या बोलण्याने नव्हे.

कार्यक्रम संपल्यावर मी कॅबिनेट उचलले. मोहनने न विचारता हेड काखेत मारले.

"हे मी नेतो."

"राहू दे."

"का? पाच किलोंच्या आत आहे ना? शैलाने मला सगळं सांगितलंय, डॉक्टरचं." त्याने हेड नीट सावरले. "एक, दोन..."

"आई गं," मी म्हणालो.

तेव्हापासून हेड तो वाहतो, कॅबिनेट मी. बास वाजवणाऱ्यांनी यातून घ्यायचे ते एवढेच, की अँप निवडताना तो कोण उचलणार आहे ते आधी पाहावे आणि डेकोरेटर येण्याआधी चहाला जाऊ नये.

मोहन मात्र अजूनही माइकवर माझ्या कंबरेची गोष्ट सांगतो. कंबर पुढे खरोखरच धरली, त्यामुळे त्याला साक्षीदारही मिळतात. माझ्याकडे फक्त अँपचे वॉरंटी कार्ड आहे. त्यावर दुकानदाराने खरेदीची तारीख घातली आहे, आणि त्या दिवशी माझी कंबर ठणठणीत होती आणि मोहन आयसीयूत होता.