प्रमाण बदलायचे राहिले

कमलाकांत त्र्यंबक पांढरीपांडे. जन्म अमरावती, १९१७. मृत्यू अकोला, १९६८. अमरावतीच्या एका शिक्षक घराण्यातले हे धाकटे चिरंजीव गणित घेऊन पदवीधर झाले आणि अकोल्याजवळच्या एका कापूस-संशोधन क्षेत्रावर गणकाच्या जागेवर लागले. तेथेच त्यांची सारी नोकरी झाली. क्षेत्राचे नाव येथे देण्याचे प्रयोजन नाही.

काम असे होते. शेतात पऱ्हाटीची निरनिराळी वाणे ओळींनी लावलेली असत. शेताचे पट्टे पाडलेले होते आणि प्रत्येक पट्ट्यात एक ओळ सरकारमान्य वाणाची असे. तिला प्रमाण म्हणत. जमीन सर्वत्र सारखी नसते, म्हणून प्रत्येक वाणाचा कापूस त्याच्याच पट्ट्यातल्या प्रमाणाशी ताडायचा आणि तो शेकडा किती भरतो, ते रकान्यात लिहायचे. शंभराच्या वर गेले ते वाण राहिले. खाली आले ते बाद, आणि त्याची सरकी तेलाच्या घाण्याला.

१९५६ साली हातदांड्याचे गणकयंत्र आले. तोवर प्रत्येक भागाकार कागदावर होत असे. कमलाकांतांनी एक रीत बसवली. शंभराला प्रमाणाच्या वजनाने भाग देऊन निघालेला आकडा यंत्रात एकदाच लावायचा, आणि मग ओळीमागून ओळ नुसत्या वजनाने दांडा फिरवत जायचे. सूत्र एकच, रकाना जणू आपोआप भरत जाई. उन्हाळाभर चालणारे काम होळीच्या आत हातावेगळे होऊ लागले. पट्टा बदलला की प्रमाण बदलावे लागे. त्याचा विसर पडू नये म्हणून प्रत्येक पट्टा नव्या पानावर सुरू करण्याचा दंडक त्यांनी स्वतःच घातला होता. पान उलटले की हात थांबे.

दर्यापूर तालुक्यातले जानराव गावंडे हे त्या क्षेत्रावर आपले वाण घेऊन आलेले शेतकरी. पाऊस दगा देई तेव्हा आपल्या बरड वावरात जी झाडे तग धरत, त्यांना ते पत्नी गोदाबाईंच्या जुन्या लुगड्याच्या चिंध्या बांधून ठेवत. त्यांचेच बी वेगळे काढायचे, पेरायचे, पुन्हा निवडायचे. तारुण्यापासून त्यांचा हाच उद्योग. वाणाला त्यांनी नाव दिले नव्हते. बियाचे एक गाठोडे घरी ठेवून बाकीचे त्यांनी क्षेत्राच्या स्वाधीन केले, आणि नाल्याकाठच्या हलक्या जमिनीच्या लहानशा पट्ट्यात ते लावले गेले.

१९५८ च्या हंगामाचा रकाना भरताना कागदाची टंचाई होती. आधीच्या, भारी काळ्या जमिनीच्या पट्ट्याच्या पानावर तळाशी जागा उरली होती. कमलाकांतांना नासाडी खपत नसे. लहान पट्टा त्यांनी तेथेच सुरू केला. पान उलटले नाही, हात थांबला नाही आणि यंत्रात काळ्या जमिनीचेच भरघोस प्रमाण राहिले. जानरावांच्या वाणापुढे ऐंशी आले.

निकाल विचारायला जानराव स्वतः आले. कमलाकांतांनी त्यांना खुर्ची दिली, आकडा दाखवला, यंत्राचा दांडाही फिरवू दिला. कुठे चूक तर नसेल ना, असे जानरावांनी भीत भीत विचारले.

"माणूस चुकतो, जानरावजी. यंत्र चुकत नाही."

"मंग झालं," जानराव म्हणाले. "मीच आपल्या लेकराचं कौतुक करून राहिलो होतो."

पुढच्या वर्षी दोन हंगामांचे आकडे जुळवताना कमलाकांतांना एक गोष्ट खटकली. त्या पट्ट्यातल्या झाडून साऱ्या वाणांनी एकदम मान टाकली होती. त्यांनी खरे प्रमाण लावून दांडा फिरवला. जानरावांचे वाण सव्वाशेच्या पुढे गेले. कमलाकांत उठून कोठारात गेले. बाद वाणाची सरकी नियमाप्रमाणे केव्हाच घाण्याला गेली होती. त्याच दिवशी त्यांनी दर्यापूरची मोटार धरली.

जानराव गोठ्यात होते. कमलाकांतांनी उभ्या उभ्याच सारे सांगितले, काही लपवले नाही, आणि शेवटी गाठोड्याबद्दल विचारले. जानरावांनी हातातली पेंढी गव्हाणीत टाकली.

"तुमी ऐंशी म्हटलं अन् मी घरी येऊन ते बैलायले चारलं, सायेब. पेरून का करतो, म्हटलं."

गोदाबाई पाण्याचा तांब्या घेऊन दारात उभ्या होत्या. "मी म्हणत होती, मूठभर तरी ठेवा. तं म्हणे, यंत्रानं सांगतलं. भाऊ, तुमच्या यंत्रानं कधी आमचं वावर पाह्यलं होतं का?"

"जाऊ दे वो," जानराव म्हणाले. "बैलं तं त्या साली लय खुशीत होते."

पुढे आलेली भाकर कमलाकांतांना मोडवली नाही.

त्यानंतर दर हिवाळ्यात रजा काढून ते जानरावांबरोबर बरड वावरे हिंडत. वेचणीच्या वेळी कुठे एखादे बी सांडून रुजले असेल, ही आशा. जानराव बोंड फोडून कापूस बोटांत ओढून पाहत आणि म्हणत, "हे नोहे." पुढे मोतीबिंदूने त्यांना दिसेनासे झाले, तेव्हा कमलाकांत बोंडे त्यांच्या हातात आणून देऊ लागले. उत्तर तेच येई.

कचेरीत मात्र ते प्रत्येक ओळीनंतर यंत्र कोरे करून प्रमाण नव्याने लावू लागले. काम पुन्हा उन्हाळाभर रेंगाळू लागले. वरिष्ठांनी समजावले, शेरे मारले. बढती दुसऱ्यांना मिळाली. पत्नी शैलाबाई सांगत, की घरी ते या विषयावर कधी बोलले नाहीत. हिवाळा जवळ आला की फक्त वहाणांना नवे तळ लावून आणत.

१९६८ च्या कार्तिकात, रजेचा अर्ज मंजूर होऊन आला त्याच आठवड्यात, ते हृदयविकाराने गेले. जानरावांना कळवले, तेव्हा ते पुतण्याचा हात धरून तेराव्याला आले.

आता जे मिटले आणि जे राहिले, ते सांगतो. १९६१ च्या अहवालाला शुद्धिपत्रक जोडले गेले आणि त्या वाणाच्या क्रमांकापुढे ऐंशीच्या जागी योग्य आकडा छापला गेला. बियाच्या रकान्यात 'उपलब्ध नाही' असे आले. कमलाकांतांची विनंती एकच होती, की क्रमांकाऐवजी तेथे 'जानराव गावंडे यांचे वाण' असे छापावे. पण ज्याचे बी कोठारात नाही त्या वाणाला नाव देण्याची नियमात तरतूद नव्हती. विनंती विचारार्थ ठेवण्यात आली. ती आजही तशीच आहे.