काळकोंडात गुडघाभर पाणी

जांभूळ गावातून नदीकडे उतरणारी वाट आता निम्मी बुजली आहे. बाजूने पाण्याचे मोठे नळ गेले, कुंपणं आली, आणि ज्यांच्या पायांनी ती वाट मळलेली होती ते एकेक करून गेले. राहिले कोंडाजी. वय चौऱ्याहत्तर. पाठ अजून ताठ, डोळे पाण्याकडे बघून बघून बारीक झालेले. अंबरनाथच्या कारखान्यात त्यांनी चौतीस वर्षं नोकरी केली, पण गावात त्यांना कारखान्यावरून कोणी ओळखत नाही. ‘तरंगावाले कोंडाजी’ म्हणूनच ओळखतात.

‘तरंगा’ हे गळ टाकणाऱ्यांचं त्रैमासिक होतं. गळाच्या दोरीला बांधलेलं, पाण्यावर डुलणारं ते हलकं लाकूड, त्याचं नाव. कारखान्यातल्या नऊ जणांनी १९७८ साली ते काढलं. जयदेव कारखान्यात टर्नर आणि या गळवाल्यांच्या मंडळाचे अध्यक्ष होते, लिहायचे ते. कोंडाजी लोखंडी टोकाच्या लेखणीने स्टेन्सिल कोरायचे आणि सायक्लोस्टाइलवर छापायचे. अठरा वर्षांत एकसष्ट अंक निघाले. कोणत्या आमिषाला मरळ येते, वाम कुठल्या दगडाखाली बसते, शिंगाळा ओढतो तेव्हा दोरी किती सोडावी, सगळं त्यात होतं. नदीची वळणंसुद्धा नावानिशी होती.

तीन वर्षांपूर्वी श्रावणात जयदेव वारले. तेराव्याला घरी परत आल्यावर कोंडाजींनी पलंगाखालची ट्रंक उघडली. पहिल्या चार अंकांना वाळवी लागली होती. त्यांनी पान झटकलं, तर अक्षरं मातीसारखी गळून पडली. त्या दिवशी ते जेवले नाहीत.

“एवढं काय वाईट वाटून घ्यायचं,” त्यांच्या पत्नी कौसाबाई म्हणाल्या. “माणूस गेला, तवा नाय रडलात. कागुद गेला तर घास उतरंना?”

“जयदेव कागदातच उरलाय ना गं,” कोंडाजी म्हणाले.

दुसऱ्या दिवशी ट्रंक रिक्षात घालून ते उल्हासनगरला गेले. तीन नंबर कॅम्पात हरेशचं झेरॉक्सचं दुकान आहे. हरेश सिंधी, साठीचा, त्याचे वडील कधीकाळी ‘तरंगा’चे वर्गणीदार होते. ट्रंक बघून तो हसायला लागला.

“कोंडाजी साईं, ये क्या, मच्छी की जन्मकुंडली लाया?”

“हसू नको. तुझ्या बापाचं नाव आहे यात. सतराव्या अंकात. चप्पल पकडली होती त्यांनी गळाला.”

हरेशने ते पान शोधून काढलं आणि दोनदा वाचलं. मग म्हणाला, “पैसा मत पूछो. सगळं स्कॅन करून देतो. इंटरनेटवर पण टाकतो. वाळवी तिकडे नाय पोचत.”

तीन आठवडे लागले. कोंडाजी रोज जायचे, हाताने एकेक पान काचेवर ठेवायचे, सुरकुती बोटाने सपाट करायचे. यंत्राचा निळा उजेड पानाखालून सरकला की त्यांना वाटे, जयदेव कूस बदलतोय. दिवाळीनंतर सत्तावन्न अंक चढले. महिन्याभरात कुठकुठले लोक वाचायला लागले. डोंबिवली, पनवेल, नाशिक. हरेश आकडे सांगायचा. सगळ्यात जास्त वाचला जाई तेविसावा अंक, जयदेवचा मरळीवरचा लेख होता तो. कोंडाजींची छाती भरून येई. सायक्लोस्टाइलवर दीडशे प्रती निघायच्या. आता एका दिवसात तेवढे लोक उघडून बघत होते.

एका शुक्रवारी फोन आला.

“काका, मी धर्मेश, डोंबिवलीवरून. तुमचा तेवीस नंबर वाचला. एकदम कडक! रविवारी येतोय. ते काळकोंड नक्की कुठं आहे?”

कोंडाजींनी क्षणभरही विचार केला नाही. गावच्या नाक्यावरून उजवीकडे, नळाच्या बाजूने खाली, पडकी विहीर सोडून वर जा, मोठं वळण येईल, तेच काळकोंड. रस्ता सांगताना मिशीत हसले. पोरगा बसेल दिवसभर, शेपूटही हाती लागायची नाही, असं त्यांच्या मनात आलं. गळ टाकणारा माणूस आपली जागा दुसऱ्याला देत नसतो.

रविवारी सकाळी कौसाबाई ओट्यावर तांदूळ निवडत होत्या. “काय हाय एवढं त्या तेविसाव्यात?” त्या म्हणाल्या. “सारखा फोन वाजतोय त्याच्यापायी. वाचा तरी.”

कौसाबाईंना अक्षरओळख नाही. लग्नाला बावन्न वर्षं झाली, पण ‘तरंगा’तली एक ओळ त्यांनी कधी ऐकली नव्हती, तो पुरुषांचा कारभार होता. कोंडाजींनी चष्मा लावला आणि जयदेवच्याच संथ सुरात वाचायला लागले.

“‘काळकोंडाला डाव्या हाताला सपाट खडक आहे. खडकावरून पाण्यात तीन पावलं पुढं जावं. पाणी गुडघ्याच्या वर येत नाही. तिथं उभं राहून गळ पलीकडच्या बाभळीखाली टाकावा...’”

सुपातला हात थांबला.

“काळकोंडात गुडघाभर?” कौसाबाई म्हणाल्या. “माझा भाव म्हशीला काढाया उतरला तिथं. दोन दिस सापडला नाय तो.”

“तसं नाही गं. ते काळकोंड म्हणजे काळकोंड नाही, ते...”

आणि कोंडाजी थांबले.

गोष्ट अशी होती. पहिल्या अंकात एकाने आपली जागा खरी लिहिली. पुढच्या रविवारी तिथं चाळीस जण गळ घेऊन बसले. भांडणं झाली, एकाच्या कानात दुसऱ्याचा गळ अडकला. मासे पळाले ते पळालेच. मग जयदेवने नियम केला: जागेचं वर्णन खरं लिहायचं, नाव मात्र एक वळण वरचं द्यायचं. म्हणजे ज्या उथळ, खडकाळ जागेला गाव उंबराची उतरण म्हणतं, तिचं नाव अंकात काळकोंड. नवा वर्गणीदार आला की जयदेव त्याला चहा पाजायचे आणि हळूच सांगायचे, “एक वळण खाली वाच.” हे कधी छापलं नाही. छापलं असतं तर उपयोग काय?

आणि कोंडाजींच्या डोळ्यांना त्याची इतकी सवय झाली होती, की काळकोंड हे नाव दिसलं तरी त्यांना उंबराची उतरणच दिसे. तीन आठवडे त्यांनी प्रत्येक पान हाताने सपाट केलं होतं. पण अनोळखी माणूस हे वाचून खऱ्या काळकोंडात उतरेल, हे एकदाही त्यांच्या ध्यानात आलं नाही.

त्यांनी बायकोला सगळं सांगितलं. कौसाबाईंनी सूप बाजूला ठेवलं.

“आन ज्याला तुमच्या जयदेवानं च्या पाजला नाय, त्यानं काय वाचायचं?”

कोंडाजींनी धर्मेशला फोन लावला. वाजून वाजून थांबला. पुन्हा लावला. मग ते उठले. खुंटीवर शिसं बांधलेली जुनी दोरी होती, पाणी मापायची. एका पुरुषाला, म्हणजे माणसाच्या उंचीला, एक गाठ, अशा गाठी मारलेल्या. ती कशाला घेतली हे त्यांनाही सांगता आलं नसतं. हाताला लागली म्हणून घेतली.

रिक्षा नळापर्यंत गेली. पुढे चालत. ऊन चढत होतं, पण वळणावरच्या झाडीत ते शिरत नव्हतं. पाणी हिरवं-काळं, हलत नव्हतं. झाडाखाली एक मोटरसायकल उभी, तिच्यावर हेल्मेट. खडकावर बूट, त्यांत नीट घडी करून ठेवलेले मोजे. बुटांशेजारी उघडा फोन, आणि त्यात तेविसावा अंक, कोंडाजींच्या हातचं वळणदार अक्षर.

धर्मेश पाण्यात उभा होता. दोन पावलं झाली होती. पाणी घोट्याच्या वर.

“मागं ये!” कोंडाजी ओरडले. “पाय हलवू नको! तिथं खोल आहे!”

धर्मेशने मान वळवली. “अरे काका, तुम्ही? तुमच्याच अंकात लिहिलंय ना, गुडघाभर.”

“अंक खोटा आहे!”

हे शब्द त्यांच्या तोंडून आयुष्यात पहिल्यांदा निघाले. धर्मेश खदखदून हसला.

“काका, मी पण कोणी आलं की असंच बोलतो. इथं मासा नाय, इथं साप आहे. जागा लपवताय ना?”

त्याने उजवा पाय उचलला. कोंडाजींनी दोरीचं शिसं त्याच्या पुढ्यात भिरकावलं. डुब असा आवाज झाला, आणि दोरी बोटांतून सुटायला लागली. पहिली गाठ गेली. दुसरी गेली. धर्मेशचा पाय तसाच अधांतरी. तिसरी गेली. चौथी. पाचवी गाठ पाण्याखाली गेली तरी दोरी सैल पडेना. धर्मेशच्या तोंडावरचं हसू कुठल्या गाठीला गेलं ते कळलं नाही. तो वळला, चार पायांवर रांगत खडकावर आला आणि बूट छातीशी धरून बसला.

मग म्हणाला, “काका, मी ते पान काल ग्रुपवर टाकलंय. दीड हजार लोक आहेत. पुढे त्यांनी कुठं कुठं पाठवलं असेल...”

हरेशने त्याच दिवशी अंक काढून टाकले. “पण साईं, कागद असता तर मागून घेतला असता,” तो म्हणाला. “हे असं नसतं. एकेकाच्या खिशात गेलंय.” मग त्यानेच सुचवलं, की सगळ्या अंकांपुढे एक पान जोडून पुन्हा टाकू. कोंडाजींनी ते पान स्वतःच्या हाताने लिहिलं: ‘या अंकांत दिलेली सर्व नावं खोटी आहेत. खरी जागा एक वळण खाली आहे. काळकोंडात उतरू नये.’ तीन ओळी लिहायला त्यांना दुपार लागली. ‘खोटी’ या शब्दावर शाई दोनदा पसरली.

पण लोक एकमेकांना पाठवत होते ते नुसतं मरळीचं पान. पुढचं पान मागेच राहत होतं.

पुढच्या रविवारी पनवेलचे दोघे आले. त्यानंतर चौघे. कोंडाजी दर रविवारी सकाळपासून दोरी घेऊन खडकावर बसायचे. त्यांनी पाटी लावली, ‘धोका’. एकाने तिच्यावर पिशवी अडकवली. “धोका लिहिलंय म्हणजे इथं नक्की मासा आहे,” तो सोबत्याला सांगत होता. प्रत्येकाला गाठी मोजून दाखवाव्या लागत. आणि दर वेळी घरी येताना कोंडाजींच्या मनात यायचं, आठवड्यात वार सात आहेत.

शेवटी त्यांनी पिवळ्या ऑइलपेंटचा डबा आणला. छापलेलं बदलत नाही, तर नदी बदलू, असं ठरवलं. उंबराच्या उतरणीवर, जिथं खरंच सपाट खडक आहे, खरंच तीन पावलं गुडघाभर पाणी आहे आणि पलीकडे बाभूळ आहे, तिथल्या सगळ्यात मोठ्या दगडावर त्यांनी हातभर अक्षरांत लिहिलं: काळकोंड. नाक्यावर बाण काढला. चहावाल्याला, रिक्षावाल्यांना सांगून ठेवलं, कोणी काळकोंड विचारलं की खाली पाठवा. नऊ जणांनी जन्मभर लपवलेली जागा त्यांनी अशी रस्त्यावर मांडली.

उपाय लागू पडला. गळवाले खाली जाऊ लागले, गुडघाभर पाण्यात उभे राहून फोटो काढू लागले. फोटोंमुळे फोनमधल्या नकाशातही काळकोंड एक वळण खाली सरकलं. हरेश म्हणाला, “साईं, तू तो भूगोल बदल दिया!” धर्मेशने मरळ पकडल्याचा फोटो पाठवला.

दगडावरचं नाव कौसाबाईंच्या कानावर गेलं. पाणी तापवताना त्या म्हणाल्या, “माझ्या भावाचं मरान तुमी गुडघाभर पाण्यात नेऊन ठेवलंत.”

कोंडाजी पेंटचा डबा पलंगाखाली सारायला लागले. त्या पुढे म्हणाल्या, “आमची आय त्या नावानं पोरांना भिववायची. म्हनून गावची पोरं जगली. आता त्या डोहाला काय म्हनून भिववायचं?”

माघात, एका मंगळवारी, कोंडाजी वरच्या वळणावर गेले. मंगळवारी ते जात नसत. त्या दिवशी गेले. झाडाखाली एक गाडी उभी. बदलापूरच्या नव्या टॉवरमधली बाई, दोन लहान मुलं, सतरंजी, डबे. मुलं पाण्याकाठच्या खडकावर बसून बूट काढत होती.

“इथं नको, बाई,” कोंडाजी म्हणाले. “हे काळकोंड आहे.”

बाईंनी हसून फोन पुढे केला. “नाही हो आजोबा, काळकोंड तिकडे खाली आहे. बघा ना. तिथं मुलं नको म्हणाली, नाव ऐकूनच घाबरली. इथं कसं शांत आहे. याला काय म्हणतात?”

कोंडाजींनी तोंड उघडलं. त्या पाण्याला द्यायला त्यांच्याजवळ नाव नव्हतं. त्यांनी दोरी सोडली, गाठी मोजायला लागले. मुलांना तो खेळ वाटला. “अजून! अजून!” म्हणत ती दोघं, कुठवर जाते बघायला, खडकाच्या कडेकडे सरकली. कोंडाजींनी दोरी खडकावर टाकून दिली आणि दोन्ही हात आडवे पसरून पाणी आणि मुलं यांच्यामध्ये जाऊन बसले. बाईंना ते आवडलं नाही. त्यांनी डबे भरले, मुलांना हाक मारली. गाडीत बसताना त्या काहीतरी पुटपुटल्या. तरी कोंडाजी ऊन कलेपर्यंत तसेच बसून होते.

दोरी वर ओढली तेव्हा शिसं आलं नाही. खाली कुठंतरी अडकून तुटलं असावं. त्यांनी नवं बांधलं.

आता ते रोज जातात. गुडघे दुखतात, पावसाळ्यात वाट निसरडी होते, पिवळी अक्षरं दोन वर्षांत दोनदा रंगवावी लागली. खुंटीवर दोरी दिसली की कौसाबाईंना कळतं, माणूस घरात आहे. खुंटी रिकामी दिसली की त्या दार उघडंच ठेवतात, आणि नदीच्या बाजूने कोणी धावत येतंय का, तिकडे कान लावून तांदूळ निवडत बसतात.