बोल्टावरची लाल रेघ

केजला माझ्या चहाच्या टपरीशेजारी एक दादा उसाच्या ट्रॉल्यांचं वेल्डिंग करतात आणि मागच्या शेडात एका माणसापुरतं विमान बांधतात. नट आवळला की नटावरून बोल्टावर माझ्या नखपॉलिशची लाल रेघ मारतात. नट सरकला की रेघ तुटलेली दिसते. मग हाक येते, "वहिनी, आता तुमी बघा. आपली चूक आपल्याला दिसत न्हाई." मी सातवीत शाळा सोडलेली, माहेर लांब कोकणात. इथं माझ्या नजरेवर एवढा विश्वास दुसऱ्या कुणी टाकला नव्हता.

पहिल्या उड्डाणाला माळावर गाव जमलं. ते आत बसले. इंजिन सुरू करण्याआधी मी रेघा बघत फिरले. डाव्या पंखाखालची एक तुटली होती. एवढ्या लोकांत तोंड उघडेना, पण वर जाणार होते ते.

"दादा, ही सरकलीय."

ते लगेच उतरले. "आज उडायचं न्हाई. सगळे नट परत बघायचे."

"काय बे, बाईनं सांगितलं म्हणून?" कुणीतरी ओरडलं.

"रेघ सांगायलीय," म्हणत त्यांनी नट आवळला आणि नखपॉलिशची बाटली माझ्या हातात दिली. मी पंखाखाली वाकून रेघ मारली, वाकडी आली.

"वाकडी चालंल, वहिनी," ते म्हणाले. "तुटकी न्हाई."