मंगळवारची वहिनी

शेजारच्या वहिनीचा मला हेवा वाटतो. कन्हेरीतला पहिला बी.ए. मी, पण लोक पाया पडतात तिच्या. एरवी सासऱ्यांशी बोलायचं नाही म्हणून ती दाराआडून नुसत्या बांगड्या वाजवते. मंगळवारी अंगात देवी आली, की केस सोडून त्यांनाच अरेतुरे करते.

तिच्या लेकीला शाळेत घाला, असं मी तिच्या सासऱ्यांना, आबांना, वर्षभर सांगत होतो. ते हसायचे. "बी.ए. झालास म्हणून मला शिकवतूस व्हय?"

परवा देवी गरजली, "पोरीला साळंत घाल!" आबांनी लगेच जमिनीला कपाळ टेकलं.

आज पोर पाटी घेऊन गेली. मी जळफळत विचारलं, "वैनी, देवीला शाळा कशी सुचली?"

पदर पुढं ओढत ती हळूच म्हणाली, "भावजी, सुनंचं कुणी ऐकलं असतं व्हय?"