दुप्पट घ्यायची की सोडायची

माझ्यावर सर्वांत जास्त उपकार कुणाचे असं कुणी विचारलं, तर मी पिंपरीच्या एका कारखान्यातल्या टूलरूमच्या मिस्त्रींचं नाव सांगतो. आमच्या घराण्यातला मी पहिला पदवीधर. तालुक्याच्या शाळेतून इंजिनिअरिंगला गेलो, पास झालो आणि इथे लागलो, तेव्हा मला साधी कानससुद्धा सरळ चालवता येत नव्हती. मिस्त्रींनी ते पहिल्याच दिवशी पाहिलं, पण हसले नाहीत.

"डिग्री त्या खुंटीला अडकवा इंजिनियर," म्हणाले. "घरी जाताना घिऊन जा. आता मनगट असं धरा."

ते चाकणजवळच्या खेड्यातले, चौथी शिकलेले. डाय, म्हणजे प्रेसच्या यंत्रात पत्रा दाबून घडवणारे पोलादी साचे, बनवण्यात त्यांच्या हाताला तोड नव्हती. पूर्वी प्रेस बसवायला आलेल्या एका गोऱ्या इंजिनियरला जेवणाच्या सुट्टीत बॅकगॅमन खेळायला जोडीदार हवा होता, म्हणून त्याने मिस्त्रींना शिकवलं. जाताना तो आपला पट घेऊन गेला. मिस्त्रींनी मग खोक्याच्या प्लायवूडवर चोवीस घरं आखली, पितळेच्या आणि अॅल्युमिनियमच्या पंधरा-पंधरा सोंगट्या लेथवर काढल्या. पोलादाचा एक चौकोनी ठोकळा घासून त्याच्या सहा बाजूंवर आकडे ठोकले: दोन, चार, आठ, सोळा, बत्तीस, चौसष्ट. कामगार याला 'गोऱ्याचा सारीपाट' म्हणत.

फासे टाकून आपल्या सोंगट्या घरी आणायच्या आणि बाहेर काढायच्या, एवढाच खेळ. खरी परीक्षा ठोकळ्याची. आपली बाजू वरचढ वाटली की फासे टाकण्याआधी ठोकळा समोरच्यापुढे सरकवायचा. आता डाव दुप्पट. समोरच्याने एक गुण देऊन डाव सोडायचा, नाहीतर दुप्पट कबूल करून खेळायचं. मग हरला तर दोन गुण गेले. मी दर वेळी सोडून द्यायचो.

"आवं, किती भ्याल?" एकदा मिस्त्री वैतागले. "चार येळा सोडली तर किती गेलं?"

"चार."

"चार येळा घेतली. तीनदा हरलात, एकदा जिकलात. मग?"

"सहा गेले, दोन आले. म्हणजे चारच गेले."

"मग? चारात एक डाव निघत आसंल तर घ्यायची. त्याच्या खाली आसंल तर सोडायची." थोडं थांबून ते म्हणाले, "पर एक हाय. आपली एकबी सोंगटी भाईर निघायच्या आत हरलो, तर त्या हारीची पुन्यांदा दुप्पट. तसं भ्या आसंल तर चारात एक पुरत न्हाई. म्हणून मोजून झालं की परत पटाकडं बघायचं."

हिशेबाचा भाग माझ्या डोक्यात पक्का बसला. त्यानंतर मी घेऊ लागलो आणि कधी कधी जिंकूही लागलो.

तिसऱ्या वर्षी, नव्या डायची चाचणी घेताना, एका दाबानंतर थांबायला हवा होता तो प्रेस थांबला नाही. पुन्हा खाली आला. मिस्त्रींच्या उजव्या हाताची दोन बोटं चिरडली.

तिसऱ्या दिवशी दवाखान्यात डॉक्टर म्हणाले, बोटं काळी पडतायत. आज दोन्ही काढली तर हात नक्की राहील. थांबलो, औषध चालू ठेवलं, तर बोटं वाचण्याची शक्यता चारात एक म्हणा. नाही वाचली तर मनगटापासून काढावा लागेल. "आणि विष वर चढलं, तर कुठे थांबेल ते आज सांगता येणार नाही." संध्याकाळपर्यंत काय ते ठरवायला सांगून ते गेले.

"काढू द्या की वो," मिस्त्रींच्या पत्नी, काकू, म्हणाल्या. "तीन बोटांनीबी भाकर खाता येती."

"खाता येती. डाय न्हाई व्हत." मिस्त्रींनी माझ्याकडे पाहिलं. "इंजिनियर, चारात एक म्हणत्यात."

मी मनात मांडलं. सोडली तर बोटं, घेतली आणि हरली तर हात. एकाला दोन. चारात एक.

"घ्या," मी म्हणालो. "गणित घ्या म्हणतंय."

"कसलं गणित?" काकूंनी विचारलं.

"तुला न्हाई कळायचं. त्यो शिकलेला हाय," मिस्त्री म्हणाले.

चौथ्या दिवशी ताप चढला. हात कोपराखालून काढावा लागला. मिस्त्री शुद्धीवर आले तेव्हा मी बाहेर जिन्यात उभा होतो. काकू माझ्याजवळ आल्या. रडत नव्हत्या. "इंजिनियर, तुमचं गणित बरोबर हुतं का वो?" मी जिना उतरून दवाखान्याबाहेर पडलो.

कंपनीने त्यांना स्टोअरमध्ये बसवलं, डाव्या हाताने हत्यारं द्यायला. त्यांनीच घडवलेली हत्यारं इतर लोक त्यांच्याकडून सही करून नेत. सहा महिन्यांत ते नोकरी सोडून गावी गेले. जाण्याआधी पट आणि ठोकळा माझ्या टेबलावर ठेवून गेले. मला बढती मिळाली, मी काळेवाडीची खोली सोडून निगडीला राहायला गेलो. चाकणला जायला बस होती. मी सहा वर्षं गेलो नाही. मग हे पत्र लिहिलं.

तीर्थरूप मिस्त्रींना साष्टांग नमस्कार.

त्या दिवशी मी चारात एक मोजलं आणि तिथेच थांबलो. पटाकडे परत पाहिलं नाही. विष वर चढू शकतं असं डॉक्टर म्हणाले होते, ते मी धरलंच नाही. तुम्ही दोन गोष्टी शिकवल्या होत्या, मी एकच वापरली. डावात जिंकलं की दोन गुण मिळतात; तिथे जिंकून काही मिळणार नव्हतं, होतं तेच राहणार होतं. शिवाय तिथे चार डाव नव्हते. एकच होता, आणि हात माझा नव्हता.

काकूंनी जिन्यात मला विचारलं होतं. त्यांना सांगा, माझं गणित चुकलं होतं. त्यांचं बरोबर होतं. तुम्ही मला शिकलेला म्हणाला होतात, म्हणून हे कबूल करायला मला इतकी वर्षं लागली.

आज मी जी कानस चालवतो ती तुमच्या हाताने चालवतो. ठोकळा पोस्टाने पाठवायचा धीर होत नाही. रविवारी घेऊन येतो. भेटायचं नसेल तर ओट्यावर ठेवून परत जाईन.