आतड्यांचं इंजेक्शन आणि व्याह्यांची सुरमई

माझी प्रतिकारशक्ती भलतीच जोरात आहे. इतकी, की बाहेर शत्रू सापडेना म्हणून ती माझ्याच आतड्यांवर तुटून पडते!

"प्रतिकारशक्तीला आवरणारं इंजेक्शन आहे," पेणचे डॉक्टर म्हणाले. "आजार मुळापासून जाईलच असं नाही, सगळ्यांना लागूही पडत नाही. बघू या."

मला लागू पडलं. आत्येबहीण सुषमाच्या साखरपुड्यासाठी मी पेण ते रोहा एसटीने गेलो, तेही वाटेत एकदाही बस न थांबवता! (कंडक्टरने अभिनंदन केलं.) पुढचं इंजेक्शन थर्माकोलच्या डब्यात बर्फाच्या पिशव्यांसकट सोबत होतं. ते आत्याच्या फ्रीजमध्ये ठेवलं. शेजारी तसाच दुसरा डबा होता: नागोठण्याच्या नव्या व्याह्यांसाठी ताजी सुरमई.

आत्याचे यजमान, म्हणजे आमचे काका, स्कूटरवरून डबा पोचवून आले. पाठोपाठ वरमाईंचा फोन.

"विहीणबाई, डब्यात इंजेक्शन हाय! पोरीला आजार हाय तर लपवलंत कशाला?"

"पोरीला नाय गो बाय, भाच्याचं हाय ता!" आत्या अंगणभर पाहुण्यांसमोर ओरडली. "त्याचं पोट बिघडलंय! सारखा पळतो!"

"कुठं पळतो?" फोनवरून वरमाई.

इकडे सुषमा रडायला लागली. मी सुरमई उचलली आणि रिक्षाने नागोठणं गाठलं.

ओटीवर मुलाकडची सगळी वडीलधारी मंडळी गंभीर चेहऱ्याने बसलेली. आयुष्यात पहिल्यांदाच मी भरसभेत उभा राहून स्वतःच्या आतड्यांवर भाषण केलं, काखेत मासा धरून! कधी, किती वेळा, कुठे कुठे... काही लपवलं नाही. बहिणीच्या लग्नाचा प्रश्न होता.

नवऱ्यामुलाच्या चुलत्यांनी शांतपणे ऐकून घेतलं.

"म्हंजे शरीर आपल्याच मानसांशी भांडतं?"

"व्हय."

"आमच्या भावकीत बांधावरून तेच चाललंय. तिला टोचाया चालंल काय?"

ओटी हसून हसून लोळली. वरमाई मात्र धावत आत गेल्या आणि डबा घेऊन आल्या. "फ्रीजात ठेवलंवतं हो. खराब नाय ना झालं? बस जरा, पेज खा. पोटाला हलकी."

मी दोन वाट्या पेज खाल्ली. साखरपुडा ठरल्या वेळी झाला.

लग्नात तर व्याह्यांनी माझी फारच सरबराई केली. अख्ख्या मांडवात माझ्या नावाची चिठ्ठी लावलेली एकच राखीव खुर्ची होती. संडासाच्या दाराला लागून!